दूरच्या दफ्तराची साक्ष

ज्या वस्तूची नक्कल हुबेहूब उतरते आणि ती उतरविताना मुळाला ओरखडादेखील उमटत नाही, अशा वस्तूचा अस्सलपणा ठरवावा कसा, हा प्रश्न संगणकाच्या इतिहासात बराच उशिरा, म्हणजे परस्परांना कधीही न भेटलेल्या माणसांमध्ये प्रोग्रामांची देवघेव सुरू झाल्यानंतर, उपस्थित झाला. तत्पूर्वी चुंबकीय फितीची रिळे एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात टपालाने जात, पाठविणाऱ्याचे नावगाव घेणाऱ्याला ठाऊक असे, आणि वाटेत कोणी फितीत लबाडी करील अशी शंका येण्याचे सहसा कारण नसे. पुढे इंटरनेटचे जाळे पसरले, एफटीपी सर्व्हर उभे राहिले, मूळ सर्व्हरवरचा भार हलका व्हावा म्हणून देशोदेशी त्याच्या प्रती, ज्यांना या व्यवसायात मिरर म्हणतात त्या, ठेवल्या जाऊ लागल्या, आणि कॅनडात लिहिलेला प्रोग्राम जगाच्या दुसऱ्या टोकाला तीन-चार अनोळखी हातांतून फिरून पोहोचू लागला. या हातांपैकी एखाद्याने मधल्या मधे फाईल बदलली तर घेणाऱ्याने ती ओळखावी कशावरून?

जुना उपाय होता तो बेरजेचा. फाईलमधील अंकांची ठराविक रीतीने बेरीज अथवा भागाकार करून एक लहानसा आकडा काढावयाचा, आणि पलीकडे पोहोचल्यावर तोच आकडा पुन्हा काढून ताडून पाहावयाचा. सीआरसी या नावाने प्रसिद्ध असलेली ही पद्धत टेलिफोनच्या तारेतील खरखरीमुळे एखादा अंक उलटा पडला तर तो दोष बिनचूक पकडी. परंतु बुद्धिपुरस्सर केलेल्या लबाडीपुढे तिचे काही चालत नसे, कारण हवा तो आकडा निघेल अशा बेताने फाईल रचणे हे कोणाही जाणकाराच्या आवाक्यातले काम होते. तार आणि चोर यांच्यात हा मोठा भेद आहे, आणि तो भेद ओळखून रचलेली पहिली लोकप्रिय रीत म्हणजे एमआयटीचे प्राध्यापक रॉन रिव्हेस्ट यांनी १९९१ साली सिद्ध केलेली एमडी५ होय.

एमडी५चे बाह्य स्वरूप अत्यंत साधे आहे. तिच्या पुढ्यात एका ओळीची चिठ्ठी टाका किंवा अख्खे ग्रंथालय टाका, उत्तरादाखल ती १२८ बिटांचा, म्हणजे षोडशमान पद्धतीने लिहिल्यास ३२ चिन्हांचा, एकच आकडा देते. त्यालाच हॅश म्हणतात. आत टाकलेल्या मजकुरात एक बिट बदलला तरी सुमारे अर्धे बिट पालटून आकड्याचे रूप ओळखू येईनासे होते, आणि आकड्यावरून मजकूर काढण्याचा मार्ग मात्र नाही. एप्रिल १९९२ मध्ये ही रीत आरएफसी १३२१ या दस्तऐवजाने जाहीर झाली, आणि त्याच्या शेवटी पडताळ्यासाठी जी उदाहरणे दिली आहेत त्यांतले पहिलेच उदाहरण शून्य लांबीच्या, म्हणजे ज्यात काहीच लिहिलेले नाही अशा मजकुराचे आहे. त्याचा हॅश डी४१डी८सीडी९८एफ००बी२०४ई९८००९९८ईसीएफ८४२७ई असा येतो. आणि ज्यांचा जन्म या व्यवसायात गेला त्यांना हा आकडा, निदान त्याची पहिली आठ चिन्हे, पाठ असतो, कारण अर्धवट उतरलेल्या, रिकाम्या राहिलेल्या फायली त्यांच्या नशिबी वारंवार येतात. एकूण संभवनीय हॅशांची संख्या एकोणचाळीस अंकी. तेव्हा दोन भिन्न फायलींचा हॅश योगायोगाने एकच येईल ही भीती व्यवहारात कोणी बाळगली नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जीन किम हा विद्यार्थी आणि जीन स्पॅफर्ड हे त्याचे प्राध्यापक यांनी ट्रिपवायर नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. संगणक स्वच्छ असताना त्यातील महत्त्वाच्या प्रत्येक फाईलचा हॅश काढून त्यांची फर्द तयार करावयाची, ती फर्द ज्यावर पुन्हा लिहिता येणार नाही अशा माध्यमावर अलग ठेवावयाची, आणि पुढे नियमाने रुजुवात घालीत राहावयाचे, एवढीच त्याची कल्पना. हॅश काढणे हा त्यातला सोपा भाग होता. फर्द अलग ठेवण्यातच सारे इंगित होते. घरफोड्याला घर सापडले तर घरातली वहीही सापडणारच, हे उघड दिसणारे सत्य पुढील दहा वर्षांत किती शहाण्यांनी दुर्लक्षिले हे पाहिले म्हणजे नवल वाटते. सर्व्हरवर फाईल, तिच्याच शेजारी तिचा हॅश लिहिलेली दुसरी फाईल, आणि दोहोंच्या जुळणीवर संतुष्ट असलेला घेणारा, असा देखावा त्या काळी सर्वत्र होता. आजही तो अगदीच दुर्मिळ नाही.

फ्रीबीएसडी या प्रणालीच्या कारभाऱ्यांनी मात्र, काहीसे नकळत, वेगळा पायंडा पाडला. त्यांच्या पोर्ट्‌स नावाच्या संग्रहात परक्यांचे प्रोग्राम साठविलेले नसत. प्रत्येक प्रोग्राम कोठून आणावा, कसा बांधावा, कोठे बसवावा याची केवळ कृती असे, आणि वापरणाऱ्याने आज्ञा देताच मूळ लेखकाच्या सर्व्हरवरून टारबॉल, म्हणजे प्रोग्रामाच्या सर्व फायलींचे एकत्र बांधलेले गाठोडे, उतरून घेतला जाई. उतरलेला टारबॉल अर्धवट तर नाही ना, किंवा लेखकाने आवृत्तीचा क्रमांक न बदलता आतला मजकूर गुपचूप बदलला तर नाही ना (ही खोड पुष्कळ लेखकांना होती), हे कळावे म्हणून कृतीबरोबर डिस्टइन्फो नावाची छोटी फाईल ठेवण्यात येई व तीत टारबॉलचा एमडी५ नोंदलेला असे. बंदोबस्त होता तो निष्काळजीपणाविरुद्ध. चोराचा विचार त्यात असलाच तर दुय्यम होता. परंतु परिणामतः झाले असे की, कॅनडातील सर्व्हरवर असलेल्या फाईलचे वर्णन त्या सर्व्हरशी काडीचा संबंध नसलेल्या परक्या दफ्तरात, आगाऊ तारखेने, नमूद होऊन बसले.

हल्ला होऊ शकतो याची सूचना १९९९ च्या जानेवारीतच मिळाली होती. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथील विद्यापीठाच्या सर्व्हरवरून वितरित होणारा टीसीपी रॅपर्स हा प्रोग्राम, जो स्वतःच संगणकाच्या दारावरील पहारेकरी म्हणून बसविला जाई, कोणी बदलून त्यात चोरवाट ठेवली. ही लबाडी लवकर उघडकीस आली, अमेरिकेतील सर्ट या संस्थेने इशारा देऊन अस्सल फाईलचे आकडे जाहीर केले, आणि प्रकरण मिटले. लोक ते विसरलेही.

२००२ च्या उन्हाळ्यात ओपनएसएसएच या प्रोग्रामाची पाळी आली. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे प्रवेश करण्याचे हे साधन तोवर जगातल्या असंख्य सर्व्हरांच्या प्रवेशद्वाराचे कुलूप होऊन बसले होते, आणि त्याच वर्षीच्या २६ जूनला त्यातील एक गंभीर दोष जाहीर होऊन ३.४ ही सुधारलेली आवृत्ती निघाली असल्यामुळे, जगभरचे व्यवस्थापक ती आवृत्ती उतरवून घेण्याच्या घाईत होते. ज्याने हा मुहूर्त साधला त्याला परिस्थितीची पुरी जाण असली पाहिजे. जुलैच्या ३० किंवा ३१ तारखेस ओपनएसएसएच जेथून वितरित होई त्या ओपनबीएसडी प्रकल्पाच्या एफटीपी सर्व्हरवरील अस्सल टारबॉल हलवून तेथे तोतया बसविण्यात आला. नाव तेच, आवृत्ती तीच, आणि प्रोग्रामाचा मजकूरही जवळजवळ तोच. बदल होता तो एका कोपऱ्यात. बीएफ-टेस्ट.सी नावाची एक फाईल आत घुसडली होती, आणि प्रोग्राम बांधण्याच्या आज्ञावलीत तिला चालविण्याची सोय करून ठेवली होती. त्यामुळे ओपनएसएसएच बांधून तयार होण्यापूर्वीच, बांधणाऱ्याच्या अधिकाराने, एक लपलेला प्रोग्राम सुरू होई, दूरच्या एका ठराविक संगणकाशी ६६६७ क्रमांकाच्या पोर्टवर तासातासाने संधान बांधी, आणि तिकडून हुकूम आल्यास या संगणकाची सूत्रे त्याच्या स्वाधीन करी. बांधून झालेल्या ओपनएसएसएचमध्ये दोष शोधू जाल तर काही सापडणार नाही. कुलूप निर्दोष, पण कुलूप बसविणारा कारागीर घरात शिरल्याबरोबर मागचे दार उघडून ठेवतो, असा तो प्रकार.

आता फ्रीबीएसडी वापरणारा एखादा मनुष्य त्या दोन दिवसांत काय पाहील याचा विचार करा. तो पोर्ट्‌सच्या निर्देशिकेत जातो, बांधण्याची आज्ञा देतो, टारबॉल उतरू लागतो, टक्केवारी शंभरावर जाते, आणि मग पडद्यावर एक रुक्ष ओळ येते की, ओपनएसएसएच-३.४पी१ च्या टारबॉलचा चेकसम, म्हणजे पडताळ्याचा आकडा, जुळत नाही. पुढे काही होत नाही. बांधणी तेथेच थांबते. अशी ओळ पाहण्याची सवय असलेले लोक बहुधा वैतागून फाईल पुसतात व दुसऱ्या मिररवरून उतरवितात, आणि त्या दिवशीही काहींनी तसे केले असेल. पण एका कार्यकर्त्याने उतरलेला तोतया जपून ठेवला, अस्सल जुन्या प्रतीशी तो ओळीने ओळ ताडून पाहिला, बीएफ-टेस्ट.सी काय करते ते उलगडले, आणि आपली हकीकत जाहीर केली. १ ऑगस्ट रोजी सकाळी सात वाजता, ओपनबीएसडीच्या ठिकाणच्या वेळेप्रमाणे, अस्सल फायली सर्व्हरवर परत ठेवण्यात आल्या व त्याच दिवशी सर्टचा इशारा निघाला. घरफोडी आणि तिचा शोध यांत दोन दिवसांपेक्षा अधिक अंतर पडले नाही.

सुमारे आठ आठवड्यांनी घडलेली दुसरी घटना याच्या शेजारी ठेवली म्हणजे त्या परक्या वहीची किंमत कळते. सेंडमेल हा टपाल पोहोचविणारा प्रोग्राम तितकाच सर्वव्यापी, त्याच्या ८.१२.६ या आवृत्तीचा तोतया २८ सप्टेंबरच्या सुमारास त्याच्या एफटीपी सर्व्हरवर आला, आणि तो सर्व्हर ६ ऑक्टोबरच्या रात्री बंद करण्यात येईपर्यंत तेथे सुखेनैव राहिला. याही तोतयाचे कसब बांधणीच्या वेळीच प्रकट होई, आणि यानेही संधान बांधले ते ६६६७ क्रमांकाच्या पोर्टवरच. नोव्हेंबरात टीसीपीडंप व लिबपीकॅप या, जाळ्यावरची वाहतूक टिपणाऱ्या, जोडीवर तोच प्रसंग गुदरला, आणि तेथे पुन्हा चोरी उघडकीस आली ती जेंटू या लिनक्सच्या कृतींत आधीपासून नोंदलेला हॅश उतरलेल्या फाईलशी जुळेना म्हणून. रखवालदार ज्या घरचे होते तेथील झोपले होते. जागा राहिला तो शेजाऱ्याचा कारकून.

परंतु या सर्व प्रकरणांत अस्सल प्रत कोणती याविषयी वाद नव्हता. पुढच्या वर्षी जे घडले त्यात तोच वाद उत्पन्न झाला, आणि म्हणून मला ते प्रकरण या इतिहासातील सर्वांत बोधप्रद वाटते. ग्नू प्रकल्पाचा एफटीपी सर्व्हर म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचे आद्यपीठ; कंपायलर, एडिटर, शेल, ज्यांच्या जोरावर इतर असंख्य प्रोग्राम बांधले जातात अशी सारी साधने तेथून जगभर जात. २००३ च्या जुलैअखेरीस असे आढळून आले की, मार्च महिन्यातच, लिनक्सच्या गाभ्यातील एक दोष जाहीर झाल्यावर तो दुरुस्त होण्यापूर्वीच्या थोड्याशा अवधीत, कोणी त्या सर्व्हरवर सर्वाधिकार मिळविला होता. चार-पाच महिने! या काळात त्याने कोणती फाईल बदलली, की कोणतीच बदलली नाही? सर्व्हरवरची कोणतीही वस्तू या प्रश्नाचे उत्तर देण्यास पात्र नव्हती, कारण त्या वस्तूंवरच तर संशय होता. सर्व्हरवरील तारखा, सर्व्हरवरील हॅश, सर्व्हरवरील नोंदी, सगळे आरोपीच्या ताब्यातून आलेले कागद.

ग्नूचा कारभार पाहणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने मग जे केले ते एखाद्या जुन्या संस्थानाचे दफ्तर जळाल्यावर वतनदारांच्या घरच्या सनदा मागवून ते पुन्हा उभे करण्यासारखे होते. मार्चपूर्वीच्या काळात ज्या कोणी त्या फायली उतरवून घेतल्या होत्या, ज्या कोणी त्यांचे हॅश कोठे नोंदवून ठेवले होते, त्यांच्याकडून ते आकडे गोळा करण्यात आले. ज्या फाईलचा हॅश अशा स्वतंत्र साक्षीशी जुळला ती पुन्हा सर्व्हरवर ठेवली गेली, आणि जिला साक्षीदार मिळाला नाही ती बाजूला काढून तिचे नाव गहाळ फायलींच्या यादीत घालण्यात आले व ज्याच्यापाशी जुनी प्रत असेल त्याने साक्ष द्यावी असे आवाहन करण्यात आले. १ ऑगस्ट २००३ पूर्वीच्या शाबित फायलींचे एमडी५ एका यादीत घालून, तीवर संस्थेचे तत्कालीन कार्यकारी संचालक ब्रॅडली कून यांची अंकीय सही करून, ती यादी प्रसिद्ध झाली. १३ ऑगस्टला सर्व हकीकत जाहीर करताना तोवर केलेल्या तपासणीत एकही फाईल बदललेली आढळली नसल्याचे सांगण्यात आले. तेव्हा या प्रचंड खटाटोपाचे फलित शून्य होते असे कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. निर्दोषत्व सिद्ध करणे हे गुन्हा सिद्ध करण्यापेक्षा फार कष्टाचे असते, आणि ते ज्यांच्या वह्यांनी सिद्ध झाले त्या वह्या कोणाच्या आज्ञेने लिहिल्या गेलेल्या नव्हत्या.

हीच वहीची कल्पना सरकारी खात्यात निराळ्या गरजेतून, उलट्या बाजूने, वाढत होती. गुन्ह्याच्या तपासात जप्त झालेल्या संगणकावर लाखो फायली असतात, आणि त्यांतल्या बहुतेक विंडोज, ऑफिस, छपाईयंत्राचे ड्रायव्हर, टंकांचे संच अशा, कोणाच्याही संगणकावर असणाऱ्या. त्या एकेक उघडून पाहावयाच्या तर अंमलदाराचे आयुष्य पुरणार नाही. म्हणून ओळखीच्या फायलींचे हॅश आधीच जमवून ठेवावयाचे आणि जप्त संगणकातून त्या वजा करून उरलेल्यांवरच डोळे शिणवावयाचे, ही युक्ती १९९० च्या दशकात रूढ झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ गुप्तवार्ता केंद्रात तयार झालेला हॅशकीपर हा तिचा आरंभीचा प्रसिद्ध नमुना. तिचे भव्य रूप म्हणजे नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी. मेरीलँड राज्यातील गेदर्सबर्ग येथे, वजनमापांची प्रमाणे राखणाऱ्या निस्ट या संस्थेच्या आवारात, विकत घेतलेल्या व देणगीदाखल आलेल्या सॉफ्टवेअरच्या पेट्या फडताळांवर रचून ठेवलेल्या आहेत. त्यांतील प्रत्येक तबकडीतली प्रत्येक फाईल सोडवून तिचे एसएचए-१, एमडी५ व सीआरसी३२ असे तीन आकडे, तिचे नाव, लांबी, ती कोणत्या उत्पादनात व कोणत्या प्रणालीसाठी आली याचे सांकेतिक क्रमांक, अशी एकेक ओळ लिहून, ही यादी वर्षातून चार वेळा प्रसिद्ध करण्याचा परिपाठ त्यांनी ठेवला. पेट्या टाकून न देण्याचे कारण असे की, उद्या न्यायालयात कोणी यादीतल्या आकड्याला आव्हान दिले तर फडताळावरून मूळ पेटी उतरवून आकडा पुन्हा काढून दाखविता यावा. स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे आलेला स्टीफन कॅब्रिनेटी या संग्राहकाचा घरगुती संगणकांवरील जुन्या खेळांचा व प्रोग्रामांचा अफाट संग्रह जतन करण्याच्या कामीही पुढे याच मंडळींची मदत झाली.

या लायब्ररीविषयी एक गैरसमज चिवट आहे. तिच्या यादीत आढळलेली फाईल निर्धोक, असे पुष्कळ जण धरून चालतात. यादी तसे कोठेही म्हणत नाही. दुकानात विकत मिळणारे परवलीचे शब्द फोडण्याचे व मजकूर चित्रात लपविण्याचे प्रोग्रामही तीत नमूद आहेत, कारण तेही ज्ञात आहेत. ज्ञात एवढाच तिचा दावा. शिवाय हॅश ओळखतो तो मजकुराला, मालकाला नाही: ग्नूच्या परवान्याचा तोच मजकूर सहस्रावधी पॅकेजांत जसाच्या तसा असतो, आणि रिकाम्या फाईलचा तो सुप्रसिद्ध आकडा तर कोणत्या पॅकेजचा म्हणून सांगावा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. अलीकडे लक्झेंबर्गच्या सर्कल या संस्थेने हॅशलुकअप नावाने एक खुली सेवा सुरू केली आहे. तीत या लायब्ररीबरोबर निरनिराळ्या लिनक्सच्या पॅकेजांतल्या फायलींच्याही नोंदी आहेत, आणि हॅश टाकताच तो कोणकोणत्या पॅकेजात आढळला हे कळते. तेथे अशा अनाथ आकड्यांना मिळणारी लांबलचक उत्तरे पाहण्यासारखी असतात.

दरम्यान, ज्या आकड्यावर हा सारा डोलारा उभा होता तोच डळमळला. जर्मन गणिती हान्स डॉबर्टिन यांनी १९९६ मध्येच एमडी५च्या अंतर्भागात तडा दाखविला होता. परंतु चालू व्यवहार सहसा थांबत नाही, तसा तोही थांबला नाही. १७ ऑगस्ट २००४ रोजी सांता बार्बरा येथील क्रिप्टो परिषदेच्या सायंकालीन सत्रात, जेथे थोडक्या मिनिटांत नवे काम सांगण्याची प्रथा आहे, चीनमधील शानडोंग विद्यापीठाच्या प्राध्यापिका वांग शियाओयुन यांनी एकच एमडी५ हॅश असलेल्या भिन्न मजकुरांच्या जोड्या सादर केल्या. त्यांच्या निबंधाच्या पहिल्या मसुद्यात आरंभीचे स्थिरांक चुकीच्या क्रमाने घेतले गेले होते, त्यामुळे त्यातील जोड्या खऱ्या एमडी५ला लागू पडत नव्हत्या. ही चूक कोणी लक्षात आणून देताच त्यांनी अल्पावकाशात खऱ्या एमडी५च्या जोड्या काढून आणल्या, आणि जाणकारांना जी धडकी भरली ती या तत्परतेने. सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजविल्या. पुढच्याच वर्षी माग्नुस डाउम व श्टेफान लुक्स यांनी ज्यूलिअस सीझरच्या नावाने दोन पत्रे रचून दाखविली, एक शिफारसपत्र आणि दुसरे गुप्त कागदपत्रे पाहण्याची परवानगी देणारे, आणि दोहोंचा हॅश एक. २००८ च्या डिसेंबरात बर्लिनच्या परिषदेत, प्लेस्टेशन ३ या खेळण्याच्या दोनशे यंत्रांचा ताफा जुंपून बनविलेले खोटे प्रमाणपत्र सादर झाले. आणि २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या फ्लेम या हेरगिरीच्या प्रोग्रामाने तर एमडी५च्या याच दौर्बल्याचा लाभ घेऊन मायक्रोसॉफ्टच्या सहीची बतावणी केली होती.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. वांग यांनी साधले ते एकाच वेळी दोन्ही मजकूर आपण रचून त्यांचे हॅश जुळविणे. दुसऱ्याने आधीच रचलेल्या, नोंदल्या गेलेल्या फाईलचा हॅश घेऊन त्याला जुळणारा तोतया बनविणे अद्याप एमडी५बाबतही कोणाला व्यवहारात जमलेले नाही. म्हणून ग्नूची २००३ ची यादी किंवा गेदर्सबर्गची फडताळे एका रात्रीत निरर्थक ठरली नाहीत. ज्याने मूळ फाईल बनविली तोच लबाड असेल तर मात्र संरक्षण उरत नाही.

एसएचए-१ या दुसऱ्या हॅशरीतीची गतही तीच झाली, फक्त अधिक खर्चाने. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेने व गूगलने एकच एसएचए-१ असलेल्या दोन पीडीएफ फायली प्रसिद्ध केल्या, एकीची पार्श्वभूमी निळी, दुसरीची तांबडी. त्यासाठी एका प्रोसेसरची ६,५०० वर्षे आणि एका ग्राफिक्स प्रोसेसरची ११० वर्षे भरतील इतके गणित खर्ची पडले होते. लागलीच वेबकिट या ब्राउझर-इंजिनाच्या प्रकल्पातील कोणी या दोन फायली चाचणीसाठी आपल्या भांडारात दाखल केल्या, आणि फायली हॅशवरून ओळखणारे ते भांडार एका आकड्याच्या दोन वस्तू पाहून अडून बसले. आज फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने उभारलेले सॉफ्टवेअर हेरिटेज हे जगातील सोर्स कोडचे दफ्तर प्रत्येक फाईलचे एकाहून अधिक जातींचे हॅश राखते.

आपल्याकडच्या कायद्यातही या इतिहासाचे पडसाद उमटले आहेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या तिसऱ्या कलमाच्या स्पष्टीकरणात हॅशची व्याख्या देताना, दोन अभिलेखांपासून एकच निष्पत्ती होणे गणनेच्या दृष्टीने अशक्यप्राय असले पाहिजे असे म्हटले आहे. हे वांग यांच्या चार वर्षे आधीचे, त्यामुळे क्षम्य. परंतु १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या अनुसूचीत, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडावयाच्या प्रमाणपत्राचा जो नमुना दिला आहे, त्यात एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी५ या तिघांना शेजारी शेजारी चौकोन दिले आहेत. जप्तीच्या वेळी पंचांसमक्ष काढलेल्या हॅशपुरते हे चालून जाईल. ज्या पक्षकाराने फाईल स्वतःच सिद्ध करून आणली आहे त्याने एमडी५च्या चौकोनात खूण केली तर विरुद्ध बाजूच्या वकिलाने कान टवकारावेत हे बरे.

आणि कर्ताच लबाड निघाल्याचे उदाहरण त्याच वर्षी घडले होते. एक्सझेड हे फायली दाबून लहान करण्याचे साधन बहुतेक प्रत्येक लिनक्समध्ये असते. त्याचे काम एकटे पाहणारे लासे कॉलिन थकले असता, जिआ टॅन या नावाने वावरणाऱ्या कोणी २०२१ पासून सौजन्याने व चिकाटीने मदत करून त्यांचा विश्वास संपादिला, आणि २०२४ च्या आरंभी ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्या स्वतःच्या सहीने प्रसिद्ध केल्या. त्या टारबॉलांतली बिल्ड-टू-होस्ट.एम४ ही फाईल सार्वजनिक भांडारातल्या सोर्समध्ये नव्हती, आणि बांधणीच्या वेळी ती चाचणीच्या नमुन्यांत दडविलेला चोरमार्ग बाहेर काढून बसवीत होती. वितरकांच्या वह्यांत या टारबॉलांचे हॅश यथाविधी नोंदले गेले, आणि उतरलेली प्रत्येक प्रत त्यांच्याशी तंतोतंत जुळली. रुजुवात निर्दोष, कारण कोणीच फाईल बदलली नव्हती. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ही चोरी जाहीर केली, ती एसएसएचने प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो याचा छडा लावता लावता. पण चोरी कळल्यावर पुढचे काम पुन्हा वह्यांकडेच आले: दोन टारबॉलांचे आणि त्यांतून बांधलेल्या फायलींचे हॅश यादीत घालून, ते जगात कोठकोठे पोहोचले याची झडती सुरू झाली. डेबियनने जुनी आवृत्ती परत आणली. पण पॅकेजच्या आवृत्तीचा क्रमांक मागे नेता येत नसल्यामुळे त्या पॅकेजचे अधिकृत नाव ५.६.१+रिअली५.४.५-१ असे ठेवावे लागले, आणि याच नावाने, स्वतःच्या नव्या हॅशसह, ते सर्वत्र दाखल झाले.